फणसाची चौकट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, जायच्या आधी तीन दिवस त्यांच्या उशाशी बसून होतो, तेव्हा त्यांनाही नाही. एकदा मात्र बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटलेलं. जांबोटीहून परत येताना गाडी बंद पडून दोन तास बसलो होतो, तोंडापर्यंत आलतं — पण त्यानं तंबाखूची डबी पुढं केली, मी चिमूट घेतली, आणि ते राहिलंच. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, तुमचं तोंड मला दिसत नाही. म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

आधी घराचं सांगतो. घराचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही — आणि खरं म्हणाल तर घराचं सांगणं सोपं आहे, म्हणून आधी ते.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली आम्ही बेळगावच्या शहापुरात एक जुनं घर घेतलं. त्याआधी खडेबाजाराच्या मागं, एका कापडदुकानाच्या माडीवर आमची खोली होती. एकच. तिथंच स्टोव्ह, तिथंच मोरी, तिथंच अंथरूण. कुणी पाहुणा आला की मी जिन्यात बसून पेपर वाचायचो. मी सरकारी कचेरीतला कारकून, बायको मंदा निपाणीची, मुलगा विजय तेव्हा दोन वर्षांचा. त्याच्याही आधी, गावाकडं, आम्ही सहाजण एका खोलीत निजायचो आणि सातवी म्हैस भिंतीपलीकडं. थोडक्यात काय, तिशी उलटेपर्यंत दार लावून एकटं बसता येईल अशी वीतभर जागा मला मिळालेली नव्हती. हे लक्षात ठेवा. सबब म्हणून सांगत नाही, पुढं लागणार आहे म्हणून सांगतो.

घर एका विणकराचं होतं. पुढं सोपा, मधे माजघर, मागं दोन खोल्या, परसात एक पेरू आणि परसातून बोळात उघडणारं मागचं दार. मागच्या दोन खोल्यांतली मोठी ती मागाची. विणकर जमिनीत कमरेइतका खड्डा घेतो, त्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी माग चालवतो. त्या माणसानं माग नेला आणि खड्डा आम्हाला ठेवला. भिंती ओल्या, छप्पर गळकं, पुढची चौकट वाळवीनं इतकी पोखरलेली की मंदानं बोट लावलं तर बोट आत गेलं. इराप्पा गवंड्यानं सगळं फिरून बघितलं, पान थुंकलं आणि चार महिन्यांत उरकतो म्हणाला.

चार महिने! पुरतं सव्वा वर्ष गेलं त्यात. खडेबाजारची खोली मालकाला परत हवी होती आणि पौषात घर बदलायचं नाही, म्हणून मार्गशीर्ष सरायच्या आत आम्ही त्या उकरलेल्या घरात सामान टाकलं. ट्रंका, डबे, गाद्या — सगळं माजघराच्या मधोमध रचून वर ताडपत्री. मंदा सोप्यात स्टोव्ह मांडून स्वयंपाक करायची. भिंती खरवडत होते, त्यामुळं आमटीत चुना, अंथरुणात चुना, पोराच्या केसांत चुना. पिठाच्या डब्याला ती ओलं फडकं गुंडाळून ठेवायची आणि तरी भाकरी दाताखाली कचकच करायची. विजयला खोकला लागला तो तेव्हाच.

सिमेंट त्या दिवसांत परमिटवर मिळायचं. अर्ज द्यायचा, शिक्का आणायचा, आणि मग टेबलामागचा माणूस मान वर न करता म्हणायचा, नाळे बर्री. उद्या या. मी स्वतः कचेरीतला माणूस, दिवसातनं दहाजणांना मीही तेच म्हणायचो, त्यामुळं बोलायला तोंड नव्हतं. सिमेंट आलं तर इराप्पा नसायचा. एकदा जत्रेला म्हणून गेला तो तीन आठवड्यांनी डोकं भादरून परत आला, आणि वर आम्हालाच प्रसाद दिला. आणि तो खड्डा — त्यात किती विटांचे तुकडे, किती माती, किती मुरूम ओतला याला मोजमाप नाही. भरायचा, चोपायचा, चार दिवसांनी वीतभर खाली. इराप्पा म्हणायचा, साहेब, पोट मोठं आहे याचं. तेव्हा हसू यायचं नाही, आता थोडं येतं.

हे सगळं मी लांबण लावतोय, कळतंय मला. आक्काकडं यायला हवं.

आक्का माझी थोरली बहीण, दहा वर्षांनी मोठी. मला शिकवलं ते आप्पांनी, पण हायस्कुलात असताना जेवू घातलं ते आक्कानं. दर पंधरा दिवसांनी तांदळाचं गाठोडं घेऊन ती बस गाठायची आणि खानापूरला माझ्या हातात देऊन परतीच्या बसनं जायची. तिचं सासर जांबोटीच्या पलीकडं एका वाडीत. बस जिथं सोडते तिथनं तासभर रानातनं चालायचं. घर घ्यायच्या दोन वर्षं आधी दाजी तापानं गेले. मागं राहिलं भाताचं थोडं शेत, दोन खणांचं घर, घरामागं एक मोठा फणस आणि एक मुलगी — सुमन, आमची सुमी.

सुमी सातवीला होती आणि वर्गात पहिली यायची. मास्तर दोनदा आक्काच्या घरी येऊन सांगून गेलेले, पोरीला पुढं शिकवा, ही पोर मास्तरीण होईल. पण पुढची शाळा म्हणजे रोज चार कोस चालणं, आणि पावसात मधला ओढा उतरू देत नाही. तेव्हा मी म्हणालो — मीच म्हणालो, आक्कानं तोंडानं मागितलं नाही — की घर घेतलंय, मागच्या दोन खोल्या तुमच्या. सुमी बेळगावात आठवीला बसेल, तू शेत वाट्यानं दे आणि ये. आक्का पदरानं डोळे पुसत इतकंच म्हणाली, बघ रं बाळू, तुला अडचण व्हायला नको.

चौकटीचं कळलं तेव्हा तिनं निरोप धाडला की सागवान-बिगवान विकत आणू नको, मागचा फणस देते. सुतार आमच्याकडं खोळंबलेला, म्हणून मी पत्र टाकलं — लाकूड लगेच पाठव, एक दिवस थांबू नको. आठवड्यात ट्रकातनं लाकूड आलं. पिवळंधमक. सुतार हात फिरवून म्हणाला, असलं लाकूड हल्ली बघायला मिळत नाही. आक्का स्वतः सोबत आलती, ट्रकात पुढं बसून. सुमीला परकं वाटायला नको, दार तरी आपल्या झाडाचं असू दे, असं मंदाला सांगत होती. चौकट बसवली तेव्हा आक्कानंच तिला हळदीकुंकू लावलं, आंब्याचा डहाळा बांधला.

आता ती खोली.

होळीच्या सुमारास खड्डा तिसऱ्यांदा भरला आणि या खेपेला तो बसला नाही. शहाबादी फरशी घातली, भिंतीला पांढरा हात दिला. बाकी घर अजून उकरलेलंच होतं, फक्त ती एक खोली पुरी झाली. खिडकीतनं पेरू दिसायचा. एका रविवारी जुन्या बाजारातनं मी एक टेबल आणलं आणि तिथं ठेवलं. आक्का येईपर्यंत, असं मंदाला म्हणालो. पहिल्यांदा आत जाऊन दार लावलं — तुम्हाला सांगू? काही केलं नाही मी. नुसता बसलो. बाहेर इराप्पाची थापी चाललेली, विजय खोकत होता, मंदा कुणाशी तरी बोलत होती, आणि ते सगळं दाराच्या त्या बाजूला होतं. मी तासभर बसलो. दुसऱ्या दिवशी कचेरीतनं आलो तो थेट तिथंच. महिन्याभरात मला दुसरं काही सुचेना. कचेरीत फाइल पुढं असायची आणि मनात ती खोली.

त्यातच आक्काचं पत्र आलं, सुमीच्या हातचं. वळणदार अक्षर, एक खाडाखोड नाही. वार्षिक परीक्षा झाली, सुमी पहिली आली, आता कौल लावायला ये.

कौल म्हणजे काय ते बऱ्याच जणांना ठाऊक असेल, तरी सांगतो. आमच्या त्या डोंगराकडं घर सोडायचं, सोयरीक करायची, असं काही मोठं असलं की देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देवानं हो म्हटलं. डावी पडली तर नको. दाजींच्या घराण्याचा देव वाडीपासून दीड तासाच्या वाटेवर, रानात. त्या देवाची रीत अशी की विधवेनं स्वतः प्रश्न घालायचा नाही, तिच्या वतीनं भावानं उभं राहायचं. म्हणून मी. दुसरं कुणी चाललं नसतं.

मी गेलो. खरंच गेलो, तेवढं तरी खोटं नाही. वैशाखातलं ऊन, वाटेत जांभळं पडलेली. गुरव म्हातारा, कंबरेत वाकलेला. त्यानं मला सोवळ्यानं उभं केलं, आक्काचं नाव घेतलं, दाजींचं नाव घेतलं, तुझी लेकरं दाणापाण्याला नव्या जागी जातात, उजवा देत असशील तर दे म्हणून हात जोडले. मी कळ्यांकडं बघत होतो. मनात काय म्हणत होतो माहीत आहे? डावी पडू दे. बहिणीच्या वतीनं उभा राहून मी देवाजवळ तिच्या उलट मागत होतो.

उजवी पडली. लगेच. थांबलीसुद्धा नाही.

"उजवी दिली रं," गुरव म्हणाला. "बिनघोर जा म्हणावं तिला."

नारळाचा तुकडा हातात घेऊन मी निघालो. वाटेत ओढ्यावर बसलो. मी तिथं काही ठरवलं का? आठवून आठवून बघतो. ठरवलं असं काही आठवत नाही. पाय पाण्यात सोडून नारळ खाल्ला. तो आक्कासाठी दिला होता, आणि मी तो सगळा खाऊन टाकला, एवढं आठवतंय.

वाडीवर पोचलो तर आक्का उंबऱ्यात. मागं सगळं बांधून तयार. भांड्यांचं गाठोडं, तांदळाची दोन पोती, गोधड्या. गाय शेजाऱ्यांच्या गोठ्यात आधीच नेऊन बांधलेली. सुमी शाळेच्या दाखल्याची सुरळी हातात धरून उभी. नवा परकर-पोलका घातलेला तिनं, जणू आत्ताच निघायचंय.

आक्कानं विचारलं नाही. नुसतं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"डावी पडली, आक्का," मी म्हणालो.

झालं. एवढंच वाक्य. मला वाटत होतं एका वर्षाचा प्रश्न आहे. घर पुरतं होऊ दे, मला थोडे दिवस ती खोली मिळू दे, पुढच्या वैशाखात पुन्हा कौल लावू, तेव्हा उजवी सांगू. पोरीचं एक वर्ष, त्यात काय मोठंसं? असा हिशेब होता माझा. पण आक्का बसली खाली आणि हळूच म्हणाली, "मग आता तीन वर्सं इचारायचं न्हाय."

तीन वर्षं. डावा कौल मिळाला की तोच प्रश्न तीन वर्षं देवापुढं न्यायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. लहानपणी कधीतरी ऐकलेलं होतं मी. शहरात राहून, परमिटाच्या रांगा लावून, पार विसरून गेलतो. तेव्हा — त्या क्षणाला — मला बोलता आलं असतं. आक्का, चेष्टा केली गं, उजवीच पडली, म्हटलं असतं तर तिनं पाठीत एक धपाटा घातला असता आणि संध्याकाळच्या बसला आम्ही तिघं बसलो असतो. किती वेळ होता मला? सुमी आत गेली, भांड्यांच्या गाठोड्याची गाठ तिनं सोडली आणि एकेक भांडं परत फळीवर लावलं — तेवढा. रडली नाही. लावताना आवाजसुद्धा केला नाही. मी ओट्यावर बसून सगळं बघितलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना? नाही. एवढंच असतं तर मी कदाचित कधीतरी मंदाला सांगून मोकळा झालो असतो. याच्या पुढचं आहे, ते मी स्वतःशीसुद्धा नीट म्हटलेलं नाही.

आक्का मला विचारू लागली. रागानं नाही. जेवायला वाढताना, हात धुताना, पुन्हा पुन्हा — "काय ऱ्हायलं आसंल रं माझ्याकडनं? कशापायी नको म्हणला आसंल?" मला ते सहन होईना. ती गप्प बसावी म्हणून, नुसती गप्प बसावी म्हणून, मी म्हणालो, गुरव म्हणत होता, देवाचं काहीतरी राहून गेलंय तुझ्याकडनं.

ती गप्प बसली. आणि सकाळी मी बस धरून बेळगावला आलो.

मंदानं आक्कासाठी परसात वेगळी दोरी बांधली होती, कपडे वाळत घालायला. मी कौलाचं सांगितल्यावर ती दोरीकडं बघत राहिली. म्हणजे — यात मंदाचा काही दोष होता असं कुणी मनात आणू नका. ती वाट बघत होती. देवाच्या मनात नाही तर आपण काय करणार, म्हणून तिनं डोळे पुसले. मी मागच्या खोलीत गेलो आणि दार लावलं.

त्याच पावसाळ्यात तो गुरव वारला. बातमी ऐकली तेव्हा मला काय वाटलं ते सांगू? सुटल्यासारखं वाटलं. कचेरीतनं येताना मी पेढे घेतले, का घेतले ते घरी कुणाला सांगितलं नाही.

तीन वर्षं सरली तेव्हा एकदा मी आक्काला म्हणालो, लावू का परत कौल? ती म्हणाली, आता कशाला, सुमीचं स्थळ आलंय. सदलग्याला दिली तिला. माणसं वाईट नाहीत. सासऱ्याची तंबाखूची शेती, सुमी रोज पानं खुडायला जायची. सणासुदीला तिचं कार्ड यायचं, तेच वळणदार अक्षर, फक्त बोटांना तंबाखूचा चिकट काळपटपणा लागलेला असायचा, तो कार्डाच्या कोपऱ्यावर उठायचा. मामांना सा. न. वि. वि. लिहायची. ती कार्डं मी टेबलाच्या खणात ठेवतो. त्याच टेबलाच्या.

आक्का यायची वर्षातनं दोन-तीनदा. तांदूळ घेऊन यायची, एखादी रात्र राहायची. आणि यायची ती नेहमी मागनं. बोळातनं, परसदारानं, पेरूखालून, माझ्या खोलीतनं घरात. मंदा म्हणायची, आक्का, अहो पुढनं या की, घर तुमचंच आहे. आक्का हसायची, पाय मातीचे हायत गं, म्हणायची. आम्हाला वाटायचं खेड्यातली बाई, बुजते. विजयनं तिला मागची आत्या असं नावच ठेवलं. चिडवायचा बिचारा, तिलाही ते आवडायचं. दहा-अकरा वर्षं ती तशी आली, आणि जाताना प्रत्येक वेळी माझ्या टेबलाला वळसा घालून गेली. मी तिथं बसलेलो असायचो. कधी उठायचो, कधी नाही.

घर पुरतं झालं, पण ती फरशी काही धड राहिली नाही. दर पावसात मधोमध खचते. दोनदा उकरून भरली, टेबलाच्या एका पायाखाली फळकुट ठेवावं लागतं. विजयचा खोकला गेला नाही, त्याचा दमा झाला. डॉक्टर म्हणाले, लहानपणी धुरळा गेला छातीत. पावसाळ्यात तो उशीला टेकून बसून रात्र काढतो आणि मंदा त्याची पाठ चोळत राहते.

गेल्या श्रावणात आक्का आली ती सकाळीच, बोळातनं नाही. मी सोप्यात दाढी करत होतो. रस्त्यावर पुढच्या पायरीखाली ती उभी होती. भिजलेली, हातात एक पिशवी. ये की, म्हणालो. ती येईना. चौकटीकडं बघत उभी. मी साबण लावलेल्या तोंडानंच बाहेर आलो.

म्हणाली, देवाकडं जाऊन आले. आता तिथं त्या गुरवाचा नातू आहे. त्याच्या पुढं तिनं नारळ ठेवला होता. पिशवीत फणसाचं एक रोप होतं, वीतभर. असली अकरा रोपं तिनं आजवर त्या रानात लावली, दर सालाला एक. हे बारावं, परसात लावायला आणलेलं. कशाची रोपं, मी विचारलं. खरंच कळलं नव्हतं मला. आणि मग तिनं सांगितलं. फळतं झाड तोडायच्या आधी देवाला विडा-नारळ ठेवून विचारतात, पण मी लगेच पाठव म्हणून लिहिलं होतं, सुतार थांबलेला, म्हणून तिनं न विचारता फणस तोडला. देवाचं काहीतरी राहिलंय म्हणून गुरवानं सांगितलं, तेव्हा त्याच रात्री तिच्या ध्यानात आलं होतं. म्हणून सुमीचं शिक्षण राहिलं. म्हणून इतकी वर्षं ती त्या चौकटीखालनं आली नाही. दोषाचं लाकूड, त्याखालनं भावाच्या घरात कसं जायचं? तिच्या हिशेबानं बाराव्या रोपाला फेड पुरी होत होती, राहिली होती ती माझी माफी.

तिनं हात जोडले. मला. तिच्या धाकट्या भावाला, रस्त्यावर.

"बाळू, माफ कर बाबा मला. न इचारता तोडल्यालं झाड तुझ्या दाराला लावलं मी. माझा दोष तुझ्या घरात आला. पोराचा दमा, मागची जमीन — समदं त्यापायी झालं. तू बोलला न्हाईस कधी, पर मला कळतं की."

माझ्या गालावर साबण वाळत होता. रस्त्यानं दूधवाला गेला, त्यानं नमस्कार केला, मी त्याला मान हलवली. सांगायला हीच वेळ होती ना? दुसरी कुठली असणार? गुरव नाही, आप्पा नाहीत, सुमीची पोरं शाळेत जायला लागलेली. सांगितलं असतं तर जाणार काय होतं माझं? आक्काचं माझ्याकडं बघणं, तेवढंच.

"असू दे आक्का," मी म्हणालो. "झालं ते झालं. ये आत."

तिनं चौकटीला कपाळ टेकवलं. बराच वेळ. मग उजवा पाय आधी टाकून आत आली, सोप्यात खुर्चीवर बसली आणि रस्त्याकडं बघू लागली. नवं काही बघत असल्यासारखी बघत होती ती. तोंडावर इतकं हसू मी दाजी गेल्यापासनं पाहिलं नव्हतं. मंदा आतनं आली, चकित झाली. आज पुढनं कशा हो, म्हणाली.

"बाळूनं माफी दिली मला," आक्का म्हणाली.

मी तिथंच उभा होतो. तोंड धुतलं, चहा घेतला, रोप कुठं लावायचं ते आक्कानं विचारलं तर पेरूपलीकडं म्हणून सांगितलं. मग मी मागच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं.